शेवटच्या फोटोत नसलेली मुलगी

वाचकांचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेच्या बॅचचा पुढच्या महिन्यात स्नेहमेळावा आहे. त्यांना शाळा सोडून 27 वर्षं झाली. ‘त्यांना’ लिहिते, कारण मी त्यांच्याबरोबर शाळा पुरी केलीच नाही. शिशुवर्गापासून आठवीपर्यंत मी तिथे होते. मग वडील अंथरुणाला खिळले, फी थकली आणि आठवीच्या अखेरीस माझं नाव पटावरून कमी झालं. निरोप वगैरे काही झाला नाही. सुट्टी लागली आणि मी परत गेलेच नाही. पुढे बाहेरून परीक्षा दिल्या, नोकरी करत शिकले. आज एका वाहतूक कचेरीत हिशेब सांभाळते. बरं चाललंय.

मागच्या महिन्यात कोणीतरी मला बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं. मेळाव्याचं सगळं जी बघते, तिनेच आठवीत माझ्यावर वर्ग हसवला होता. फी थकलेल्यांची यादी वर्गात वाचली गेली, माझं नाव आलं आणि ती काहीतरी बोलली. ते वाक्य मला अजून पाठ आहे. आता ती लिहिते, ‘ये गं नक्की, तुझ्याशिवाय मजा नाही.’ तिला आठवत असेल का?

दुसरं म्हणजे, वर्गणी काढून शाळेला दगडी कमान बांधून द्यायचं चाललंय. त्या वर्षी पास झालेल्यांची नावं तिच्यावर कोरणार. त्यात माझं नाव नसणार हे कोणाच्या लक्षातही आलेलं नाही. वर्गणी मात्र सगळ्यांना सारखी, आणि कोणी दिली, कोणाची राहिली, ते रोज ग्रुपवर येतं.

शाळेची आठवण म्हणून माझ्याकडे एकच वस्तू आहे, वाचनालयाचं नकाशांचं एक पुस्तक. परत करायचं राहूनच गेलं.

मी त्या शाळेची माजी विद्यार्थिनी आहे का? मला जायचा हक्क आहे का? आणि गेले तर मला ओळखणार कोण?

तुमची,
अर्धी माजी विद्यार्थिनी

उत्तर

आधी तुमची सही दुरुस्त करते. त्यातला ‘अर्धी’ हा शब्द काढून टाका.

माजी विद्यार्थ्यांसाठी जगभर जो शब्द चालतो, अलम्नस, तो मूळचा लॅटिन. ‘आलेरे’ म्हणजे भरवणं, पोसणं. त्यावरून अलम्नस म्हणजे पोसलेलं मूल. जुन्या शाळेला आल्मा मॅटर म्हणतात, तेही त्याच कुळातलं, पोसणारी आई. या शब्दांत परीक्षा नाही, दाखला नाही, शेवटचा फोटो नाही. तुम्हाला कोणी वाढवलं, एवढंच ते विचारतात. तुम्ही तिथे अक्षर गिरवलंत, पाढे पाठ केलेत, पहिली मैत्रीण तिथे मिळाली, पहिलं भांडणही तिथेच झालं असणार. शेवटच्या दोन वर्षांसाठी नव्याने आलेला एखादा मुलगा त्या फोटोत उभा असेल आणि तुमच्या पहिलीच्या बाई कोण होत्या हे त्याला ठाऊकही नसेल. शाळा त्याचीही आहे आणि तुमचीही. कित्येक शाळा-कॉलेजांचे माजी विद्यार्थी संघ मधेच सोडून गेलेल्यांनाही सभासद करून घेतात. तुमच्या शाळेच्या संघाचा काय नियम आहे ते विचारा, आणि तो तसा नसेल तर बदलायला सांगा.

मी हे इतक्या ठामपणे लिहिते, कारण याच बाबतीत माझ्या हातून चूक झाली आहे. आमच्या बॅचला 30 वर्षं झाली तेव्हा नावांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी शेवटच्या वर्षाच्या निकालाचा कागद समोर ठेवला आणि नावं उतरवून काढली. एका संध्याकाळीत काम उरकलं म्हणून खूशही झाले. मेळाव्याच्या दिवशी दुपारी एकाने विचारलं, ‘अगं, नाटकात नेहमी राजा व्हायची ती कुठाय?’ आणि मग एकेक नाव निघायला लागलं. वडिलांची बदली झाली म्हणून गेलेला. नापास होऊन मागच्या वर्गात राहिलेली. वर्षभर आजारी पडून पुढे आलीच नाही ती. लग्न करून दिलेली. अकरा नावं निघाली. अकरा जण आमच्याच बाकांवर बसत होते आणि माझ्या कागदावर त्यातलं एकही नव्हतं. त्या दुपारी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

पुढच्या तीन महिन्यांत आम्ही त्यातल्या सात जणांना शोधून काढलं. राजा होणारीला मी स्वतः फोन केला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘मला वाटायचं, मी गेले हे कोणाच्या लक्षातही आलं नसेल.’

तुमच्या पत्रातही जवळजवळ हेच शब्द आहेत. म्हणून सांगते, यादीत नाव नसलं की माणसं आपल्याला विसरली असं समजू नका. यादी करणाऱ्या बाईने हाताशी आलेला सोपा कागद उचलला, एवढंच त्यातून कळतं.

आता तुम्हाला ओळखणार कोण? या प्रश्नाचं उत्तर मी मनाने देत नाही. हॅरी बाहरिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये दोन सहकाऱ्यांसोबत एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा सोडून काही महिनेच झालेल्यांपासून ते जवळजवळ 50 वर्षं झालेल्यांपर्यंत 392 जणांना त्यांनी तपासलं. त्यांच्याच शाळेच्या वार्षिक अंकातले वर्गमित्रांचे फोटो अनोळखी फोटोंमध्ये मिसळून दाखवले आणि ओळखायला सांगितलं. शाळा सोडून 30-35 वर्षं झालेले लोकही दहातले साधारण नऊ चेहरे बरोबर ओळखत होते. नावं मात्र नुसत्या आठवणीने सांगा म्हटलं की फारच थोडी निघत. रोज, वर्षानुवर्षं पाहिलेला चेहरा असा आत मुरतो. तुमच्या वर्गाने तर तुम्हाला शिशुवर्गापासून पाहिलंय.

यात एक बारकावा आहे, तो तुमच्या कामाचा आहे. त्या लोकांना जुने फोटो दाखवले होते, आजचे चेहरे नव्हे. आपण लक्षात ठेवतो तो तेव्हाचा चेहरा. म्हणून घरात असेल तर पाचवी-सहावीचा वर्गाचा फोटो शोधा आणि ग्रुपवर टाका. ‘दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी मी. आठवीनंतर शाळा सुटली, पण मेळाव्याला येतेय.’ एवढंच लिहा, जास्त खुलासा नको. मग बघा किती जण बोलू लागतात ते. आणि त्यांना तुमचं नाव पटकन आठवलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. नाव विसरणं हे तुम्हाला विसरणं नव्हे.

त्या मुलीबद्दल लिहायच्या आधी मी तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय, ती ‘बोलली’, तिने वर्ग ‘हसवला’. आणि यादी? यादी ‘वाचली गेली’. वाचणारं माणूस तुमच्या वाक्यात नाहीच. मला वाटतं, 29 वर्षं सगळा राग एका 14 वर्षांच्या मुलीने एकटीने वाहिलाय आणि जे मोठं माणूस तो कागद हातात धरून उभं होतं ते सुटून गेलंय. तिचं बोलणं वाईटच होतं, मी त्याला पांघरूण घालत नाही. पण घरात दुखणं असलेल्या मुलीचं नाव भर वर्गात थकबाकीदार म्हणून पुकारायचं, हे मोठ्यांनी ठरवलं होतं. मुलांनी फक्त पाहिलं की इथे हिच्यावर हसायला परवानगी आहे.

हे मी शाळेवरची माया कमी व्हावी म्हणून लिहीत नाही. जिने आपल्याला नकाशे वाचायला शिकवलं तिनेच आपला अपमान होऊ दिला, या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मेळाव्यात शाळेचं नुसतं कौतुक होतं, आणि ज्यांना तिथे काही सोसावं लागलं ते कोपऱ्यात गप्प उभे राहतात किंवा येतच नाहीत. तुमच्या वर्गात त्या यादीत तुमचं एकटीचंच नाव नव्हतं. बाकीच्यांपैकीही कोणीतरी आज हा ग्रुप उघडून तसाच बंद करत असेल.

तिला आठवत असेल का? बहुधा नसेल. तुमच्या मनात असेल तर मेळाव्याच्या आधी तिला फोन करा. दोन-चार मिनिटं पुरतात. ‘मी यायचं ठरवलंय. पण आठवीत फीची यादी वाचली तेव्हा तू जे बोललीस ते मी विसरले नाही, आणि ते मनात दाबून तुझ्यासमोर हसायचं नाहीये मला, म्हणून सांगितलं.’ पुढचं तिच्यावर सोडा. ती ओशाळेल, रडेल, किंवा ‘अगं, लहान होतो आपण’ म्हणून झटकून टाकेल. झटकलं तर मेळाव्यात कोणापासून चार हात लांब बसायचं हे तुम्हाला कळलं. माफ करायची सक्ती नाही, घाई तर मुळीच नाही. फोन करावासा वाटला नाही तर करू नका. फक्त हा विषय मेळाव्याच्या दिवशी काढू नका. गाणी चालू असतात, कोणीतरी फोटोसाठी हाताला धरून ओढत असतं, अशा गडबडीत इतकं जुनं दुखणं कोणाच्या कानापर्यंत पोचत नाही.

कमानीबद्दल मात्र मला थोडं सविस्तर लिहायचंय. या कमानीला माझा विरोध आहे आणि तुम्हीही तो बोलून दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

बॅचेस शाळेला काय देतात हे मी अनेक वर्षं बघते आहे. कमान, घड्याळ, पुतळा, सभागृहाचं नक्षीदार दार. देताना डोळ्यांसमोर असतो आपण शिकत होतो तेव्हाचा काळ. आज त्या शाळेत कोण बसतंय, त्यांना काय कमी पडतंय, हे विचारायला कोणी जात नाही. याच्या उलट एक खरी घडलेली गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या सिएटल शहरात, लेकसाइड शाळेत 1968 मध्ये मुलांच्या आयांच्या मंडळाने जुन्या सामानाची विक्री भरवली. त्या पैशातून शाळेत एक टेलिटाइप यंत्र आलं, दूरच्या संगणकाला टेलिफोनच्या तारेने जोडलेलं. संगणक कसा वापरायचा हे तेव्हा बहुतेक शिक्षकांनाही माहीत नव्हतं. त्या यंत्राला चिकटून बसणाऱ्या मुलांमध्ये बिल गेट्स, पॉल अॅलन आणि केंट इव्हान्स होते. पुढे गेट्स आणि अॅलन यांनी मायक्रोसॉफ्ट काढली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या आयांनी मुलांच्या हाताला लागेल अशी वस्तू दिली.

तिसरं नाव, केंट इव्हान्स, फारसं कोणी ऐकलेलं नसतं. गेट्सचा तो शाळेतला सगळ्यांत जवळचा मित्र. 1972 मध्ये गिर्यारोहण करताना अपघात झाला आणि तो गेला. शाळा पुरी व्हायची होती. पुढे गेट्स आणि अॅलन यांनी शाळेला विज्ञान आणि गणितासाठी इमारत बांधून दिली, तेव्हा तिच्यातल्या सभागृहाला केंटचं नाव दिलं. तो शाळेतून पास होऊन बाहेर पडलाच नव्हता, तरी त्या शाळेच्या भिंतीवर त्याचं नाव आहे. ‘त्या वर्षी पास झालेल्यांची नावं’ असा निकष ज्यांनी लावला त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं आणखी एक आहे, जे त्या ग्रुपमध्ये दुसरं कोणी इतक्या अधिकाराने सांगू शकणार नाही. कमानीऐवजी वर्गणीच्या पैशांचा छोटा निधी करा. फी किंवा वह्या-पुस्तकांपायी ज्याची शाळा सुटायची वेळ आली आहे अशा मुलासाठी तो वापरा. असं मूल कोण, हे मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांना कळलं की पुरे. पैसे देणाऱ्यांना त्याचं नाव कळू नये, वर्गात तर मुळीच कळू नये, आणि धनादेश हातात देतानाचा फोटो काढू नये. संघाच्या नावाने बँकेत वेगळं खातं उघडा, दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघू नयेत, आणि वर्षातून एकदा जमाखर्च सगळ्यांपुढे मांडा. तुम्ही हिशेबातल्या आहात. हे काम मागून घ्या. वर्गणी जमेल तेवढीच द्या, पण ही जबाबदारी पूर्ण घ्या.

वर्गणीची रोजची यादी थांबवायलाही सांगा. कोणी दिले, कोणाचे राहिले, हे पाऊणशे लोकांसमोर रोज टाकायचं म्हणजे आठवीच्या वर्गातली तीच यादी पुन्हा वाचायची. संयोजकांच्या मनात वाईट काही नसेल. त्यांना ते सोयीचं वाटतं, बस. एकेकट्याला निरोप पाठवायला दहा मिनिटं जास्त लागतील, तेवढी त्यांनी काढावीत. तुम्हाला स्वतःला हे लिहिणं जड जात असेल तर माझं हे उत्तर ग्रुपवर टाका, तुमचं नाव कुठेच नाही.

आता जायचं की नाही. जा. पण साठ-सत्तर लोकांना भेटायला जाऊ नका, तितक्यांना कोणीच भेटत नसतं. दोन नावं ठरवा, ज्यांना बघावं असं तुम्हाला खरंच वाटतं. त्यांना आजच वेगळा निरोप धाडा. ‘तुझ्याबरोबर मधल्या सुट्टीत जिन्यावर बसायचे ते आठवतं, मेळाव्याला येतेस का?’ मधे इतकी वर्षं गेली, आता काय लिहायचं, तिला विचित्र वाटेल, असं मनात येईल. पेगी लिऊ नावाच्या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये नेमकं हेच तपासलं. बऱ्याच दिवसांनी कोणाची आपणहून विचारपूस केली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज करताना माणसं कमी धरतात. निरोप जितका अनपेक्षित, तितका तो जास्त आवडतो असंही त्यांना दिसलं. तेव्हा मधे गेलेली 29 वर्षं इथे तुमच्या बाजूने आहेत.

लवकर जा. गर्दी जमल्यावर एकटीने आत शिरणं कठीण जातं. चार-पाच जण खुर्च्या लावत असतात तेव्हा गेलं की खुर्च्या लावता लावताच बोलणं सुरू होतं. ‘सध्या काय करतेस?’ याचं उत्तर घरूनच ठरवून जा. ‘हिशेब बघते एका वाहतूक कचेरीत’ एवढं पुरतं, त्यापुढे लगेच त्यांचं विचारा. शाळा मधेच का सुटली हे कोणी विचारलं तर खरं ते एका वाक्यात सांगा. लपवलंत तर दिवसभर त्याचीच राखण करत बसाल. कंटाळा आला तर निघा. जेवण होईपर्यंत थांबलंच पाहिजे असं नाही. एकदा मात्र गर्दीतून बाजूला व्हा आणि तुमच्या आठवीच्या वर्गात एकट्या जाऊन बसा. त्या बाकावरून तुम्ही कोणाला न सांगता उठून गेला होता.

राहिलं पुस्तक. ते मेळाव्याला नेऊ नका. तिथे त्याचा कौतुकाचा कार्यक्रम होईल, तुम्हाला मंचावर बोलावतील, टाळ्या वाजतील. नंतर एखाद्या कामाच्या दिवशी, शाळा भरलेली असताना जा. वाचनालय सांभाळणाऱ्या बाई किंवा सर असतील त्यांच्या टेबलावर ठेवा आणि किती वर्षं उशीर झाला ते सांगा. नकाशांचं पुस्तक इतकं जुनं म्हणजे त्यातल्या काही देशांच्या सीमा आणि नावं आता बदललेली असणार. दक्षिण सुदान 2011 मध्ये झाला, तो त्यात सापडायचा नाही. म्हणून बरोबर आजचा एक चांगला नकाशासंग्रह घेऊन जा. पहिल्या पानावर स्वतःचं नाव आणि शाळेतली वर्षं लिहा, पहिलं आणि शेवटचं. तिथली मुलं तुमचं जुनं पुस्तक नव्याशेजारी ठेवून बघतील, कोणता देश कुठे गेला ते शोधत बसतील.

मेळाव्याला येत असल्याचं संयोजकांना या आठवड्यातच कळवा, म्हणजे नावाच्या पट्ट्या छापायच्या आत तुमचं नाव जाईल. पट्टीवर माहेरचं आडनाव लिहायला सांगा, मोठ्या अक्षरात. शाळेने तुम्हाला त्याच नावाने हाक मारली होती.